ठण्ण की ठप्प

मी हातोडी बोलतेय. वजनाने अर्धा किलो, तोंड गोल, दांडा अ‍ॅश झाडाच्या लाकडाचा. हा माझा चौथा दांडा, तरी सगळे मला जुनीच हातोडी म्हणतात आणि मीही स्वतःला तीच समजते.

एनिड थर्स्टनने एक नेम केला होता. तो आधी सांगते, कारण पुढचं माझं सगळं आयुष्य त्याच नेमावर चाललं. वडिलांच्या हातून मी तिच्या हातात आले, त्या सकाळी ती सॉल्टरबीच्या करमणूक बागेतल्या लाकडी रोलर कोस्टरच्या सगळ्यांत उंच चढावर उभी होती. खाली समुद्र आणि बोचरा वारा. रविवार न चुकवता चॅपेलला जाणारी बाई ती. डोळे मिटून म्हणाली, "देवा, ज्या बोल्टाची मला खात्री नाही, तो मागे टाकून मी चहाला तोंड लावणार नाही." इंग्रज बाईने चहावर नेम धरला म्हणजे तो किती कडक, हे मी वेगळं सांगायला नको.

माझा जन्म शेफील्डच्या भट्टीतला. एनिडच्या वडिलांनी, आर्थर थर्स्टननी मला पारखून घेतलं ते माझ्या आवाजासाठी. ते इथले सुतार. माझं काम सोपं. गाडी सुरू होण्याआधी रोज सकाळी सगळी वाट चालायची आणि प्रत्येक बोल्टावर एकदा टकटक करायची. घट्ट बसलेला बोल्ट 'ठण्ण' म्हणतो. सैल असेल तर 'ठप्प'. ठप्प म्हणणाऱ्यावर खडूची खूण करायची, मागून मेकॅनिक पाना घेऊन येतो. असे चौदाशे बोल्ट. मी आजवर एकाचंही बोलणं बदलून सांगितलेलं नाही.

आमची गाडी मोठी लहरी. सकाळी वंगण गारठलेलं असतं, तेव्हा ती पेंगत निघते. दुपारी ऊन लागलं की अशी सुटते की विचारू नका. रुळांवर ब्रेक नाहीतच. गाडीबरोबर एक माणूस दोन डब्यांच्या मध्ये उभा असतो, तो दांडा ओढून तिला आवरतो. आमच्याकडे ते काम मेव्हिस कटलचं. एनिड आणि ती शाळेपासूनच्या मैत्रिणी. हिवाळा संपला की पहिली फेरी माणसांची नसते. बाकांवर वाळूची पोती बसवतात. एनिड प्रत्येक पोत्याला 'गुड मॉर्निंग' म्हणते. "सगळ्यांत शहाणे प्रवासी हेच," मेव्हिस म्हणते, "ओरडत नाहीत, ओकत नाहीत."

माणसांची गंमत मी फार पाहिली. गाडी नुसती चढत असते, अजून काहीच झालेलं नसतं, तेव्हा किंचाळतात. खरी कोसळते तेव्हा निम्म्यांचा आवाजच फुटत नाही. पावसात, व्हिनेगर शिंपडलेले चिप्स खात, निमूट रांगेत उभे राहतात. आमच्या सांगाड्याखाली टोप, चष्मे, एकेकटे बूट सापडतात. एकदा एक आजोबा कवळी शोधत आले. मिळाली तशी नळाखाली धरली, तोंडात बसवली आणि पुन्हा रांगेत जाऊन उभे राहिले.

एनिडला अठ्ठावन्नावं वर्ष लागलं त्या वसंतात मात्र सगळं बिघडलं. ईस्टरच्या तोंडावर एका सकाळी तिने एकसष्ट बोल्टांवर खडू मारला. मेकॅनिकने एकसष्टही तपासले. सगळे घट्ट. दुसऱ्या दिवशी ऐंशी. तेही घट्ट.

"अगं, एवढा खडू? गाडीला वाटेल शाळा भरलीय," मेव्हिस म्हणाली.

बागेचे व्यवस्थापक पॉकलिंग्टनसाहेब हसले नाहीत. "एनिड, ही गाडी तुमच्या हाताखाली म्हातारी व्हायला लागली की काय? रांग फाटकाबाहेर गेलीय माझी."

एनिड लाल झाली. खरं काय ते फक्त मला ठाऊक होतं. बोल्ट नेहमीसारखेच ठण्ण म्हणत होते, पण तो बारीक, उंच सूर आता तिच्या कानात शिरत नव्हता. तिला फक्त खालचा, जाड आवाज पोचायचा. त्यामुळे धडधाकट बोल्टही तिला आजारी वाटायचे. दुकानात ती दोनदोनदा "काय म्हणालात?" विचारायची आणि हसून वेळ मारून न्यायची.

यापेक्षा वाईट पुढेच होतं. टोमणे जिव्हारी लागले, तशी ती ठप्प ऐकू आलं तरी पुढे जाऊ लागली. 'घट्टच असणार' असं स्वतःशी पुटपुटायची. महिनाभर ती अंदाजाने चालली आणि महिनाभर नशिबाने साथ दिली. मेव्हिस रोज त्याच गाडीवर उभी, मागेपुढे तीस माणसं.

मे महिन्यातल्या सुट्टीचा सोमवार. तिसऱ्या उताराच्या पायथ्याशी मी एका बोल्टावर पडले आणि तो खरोखरचं ठप्प म्हणाला. एनिड क्षणभर थांबली. मग पुढे गेली. मला गळा नाही, हात नाहीत. जे होतं ते सांगून झालं होतं.

खाली येऊन तिने थर्मासमधला चहा ओतला. कप ओठांपर्यंत नेला. तिथेच धरून राहिली. मग न पिता फळीवर ठेवला.

"मेव्हिस, जरा वर चल."

"आत्ता? फाटक उघडायची वेळ झाली, बाई. गुडघे काय भाड्याने आणलेत मी?"

"चल म्हणते ना."

पहिल्या बोल्टापासून सुरुवात केली. एनिडने मला आपटलं. "काय ऐकू आलं?"

"ठण्ण. का, तुला काय आलं?"

एनिडने मला खाली धरलं. "मला सगळे सारखेच ऐकू येतात. ईस्टरच्या आधीपासून."

मेव्हिसने कठडा धरला. "म्हणजे महिनाभर मी तुझ्या अंदाजावर उभी राहून हिंडतेय?"

"हो."

"आणि मी तुला दर रविवारी केक आणून देतेय." मग तिने हातमोजे काढून खिशात कोंबले. "मार पुढचा."

तिसऱ्या उताराशी मेव्हिसने हात वर केला. "थांब. हा ठप्प म्हणाला."

मेकॅनिकचा पाना त्या बोल्टावर दीड फेरा फिरला. तो आणखी किती दिवस टिकला असता ते मी सांगणार नाही. अंदाज बांधणं माझं काम नव्हे.

उशीर झाला म्हणून साहेब तणतणत आले. एनिड पुढे झाली. "साहेब, माझे कान गेलेत. हे मी तेव्हाच सांगायला हवं होतं. मला काढायचं तर काढा, पण सगळी वाट ऐकून झाल्याशिवाय गाडी सोडू नका."

साहेबांनी टोपी काढली, पाना हातात घेऊन पाहिला, परत दिला. "तुम्हाला काढलं तर कुठली फळी कुजतेय हे मला कोण सांगणार? डोळे तरी जागेवर आहेत ना?"

"आहेत," मेव्हिस म्हणाली. "माझ्या केकवर असतात."

साहेब स्वतः रांगेपाशी गेले आणि दीड तास थांबावं लागेल म्हणून सांगून आले. कुणी हललं नाही. दोघीतिघींनी छत्र्या उघडल्या, एवढंच.

आता आम्ही तिघी चालतो. एनिड मारते आणि लाकूड निरखते, मेव्हिस ऐकते. एनिडच्या कानात यंत्र आलंय, ते अधूनमधून शीळ घालतं आणि मेव्हिस म्हणते, "हा कुठला बोल्ट?" मी गुळगुळीत झालेय, पण आवाज खणखणीत आहे. अजून पुष्कळ सकाळी मी चालणार, याची मला खात्री आहे.

जाता जाता तुमच्याकडे एक मागते. कधी समोरचं बोलणं तुमच्यापर्यंत नीट पोचलं नाही, तर नुसती मान डोलावू नका. जवळच्या माणसाला हाक मारा आणि म्हणा, "मला ऐकू आलं नाही, तू ऐक आणि मला सांग." मला ते म्हणता येत नाही. तुम्हाला येतं.