लिनक्सवर चालते

गोंदियात जुने लॅपटॉप दुरुस्त करून विकणारे ढीगभर, पण कैलाश पटलेच्या हिरव्या स्टिकरची बातच न्यारी. नवं विंडोज ज्या मशीनला पेलत नाही, तिच्यावर तो फुकटचं लिनक्स टाकून द्यायचा. आणि प्रिंटर असो, कॅमेरा असो, स्वतः लिनक्सवर लावून पाहिल्यावरच ‘लिनक्सवर चालते’ असा स्टिकर चिकटवायचा. पाहिल्याशिवाय नाही म्हणजे नाही. गिऱ्हाईक खोक्यावरचं नाव वाचतच नसे, स्टिकर बघे.

आणि असल्या माणसानं करावं काय? मेहुणीच्या लग्नाला बालाघाटला निघायचं, बायको दुर्गेश्वरी दारात तयार उभी, अन् त्याच वेळी लॅपटॉपला जोडायच्या कॅमेऱ्यांचा नवा माल आला. यानं एक लावून पाहिला, चालला, की बाकी सगळ्यांवर स्टिकर थापून मोकळा. शितावरून भाताची परीक्षा. अरे, पण शितं एका हंडीतली तर पाहिजेत ना? खोकी सारखी होती, आतल्या चिपा निरनिराळ्या.

त्यातलाच एक कॅमेरा मुर्रीच्या आचलनं नेला. ही बकाराम बिसेनची पोरगी. कैलाशकडूनच लॅपटॉप घेऊन एकटीनं लिनक्स शिकलेली. नागपूरच्या एका कंपनीत नोकरीसाठी घरूनच परीक्षा द्यायची होती, आणि परीक्षाभर कॅमेरा चालू हवा अशी अट होती. ऐन वेळी कॅमेरा चालेना. तिनं घाबरून कैलाशला फोन लावला. याला तेव्हाच शंका आली होती, पण तोंडातून निघालं ते भलतंच.

“स्टिकर आहे ना त्यावर? मंग चालतेच. तूच काही चुकवून राहिली असशील.”

कॅमेरा शेवटपर्यंत चालला नाही, आणि कंपनीनं तिला परीक्षेला बसू दिलं नाही.

आज बाप-लेक दुकानात आले. बकारामनं लॅपटॉप काउंटरवर ठेवला.

“हा वापस ठेवून घ्या, कैलाशभाऊ. पोरीच्या बसचं नाही हे. साधा कॅमेरा लावता नाही आला. आता कम्प्युटरचं नाव नाही काढत म्हणते. तिच्या बसचं नाही हे, बरोबर ना? तुमीच सांगा तिले एकदा. तुमचं आयकते ते.”

“मलेच नाही जमलं, भाऊ,” आचल म्हणाली. “तुमचा काही दोष नाही.”

तुमचा दोष नाही! त्यापेक्षा हिनं चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं कैलाशला वाटलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, याच्या मनात तर भर दुपारचं ऊन पडलं होतं. तरी गडी मूग गिळून बसला. बकारामनं त्याचा अर्थ आपल्या परीनं लावला.

“पाह्य, भाऊ बी नाही म्हणत नाही,” तो पोरीला म्हणाला. आचलनं मुकाट मान हलवली. तेवढं मात्र कैलाशला सोसवलं नाही.

“थांबा, बकारामभाऊ. तो कॅमेरा मी तपासलाच नव्हता.”

“म्हणजे? स्टिकर तं हाय त्यावर.”

“एक पाह्यला, बाकीच्यांवर तसाच चिकटवला. पोरीनं काही चुकवलं नाही, चुकलो मी. फोन आला तेव्हाच मले शंका आली होती. तरी तिच्यावर ढकललं.”

बकारामनं लॅपटॉप उचलला आणि पोरीच्या हातात दिला.

“मी कंपनीले स्वतः फोन करतो,” कैलाश घाईघाईनं म्हणाला.

“त्यायनं दुसरी पोरगी घेतली जी,” आचल म्हणाली. ना रडली, ना चिडली. “मी त्या दिवशी फोन लावायच्या आधीच चिपचा नंबर काढून पाह्यला होता, भाऊ. लिनक्सवर चालणारी नव्हतीच ते.”

“मंग फोनवर बोलली काऊन नाही?”

“तुमचा स्टिकर होता ना जी त्यावर. मले वाटलं, मीच चुकीचं वाचून राहिली.”