वाचलं : शून्य

जावयावर ओरडायचं नाही, हा नियम कुणी काढला मला माहीत नाही, पण तो सासू नसणार. मुलाचा कान धरता येतो, मुलीला चार शब्द सुनावता येतात, नवऱ्याचं तर विचारूच नका. जावयाला मात्र "छानच केलंय हो" असं म्हणायचं आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटायची. त्या काही आठवड्यांत आमच्याकडच्या निम्म्या भांड्यांना पोचे पडले.

मी प्राण्यांच्या दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीत बसायचे. आई मेलेलं पिल्लू खोक्यात घेऊन माणसं यायची आणि रडवेल्या तोंडाने मलाच विचारायची, की याला दूध कसं पाजू. डॉक्टरांना मान वर करायला वेळ नसे. म्हणून नोकरी सुटल्यावर मी इंटरनेटवर 'दूधबाटली' नावाचा फोरम काढला. मांजरं, कुत्री, ससे, खारी, कुणाचंही पोरकं पिल्लू असो, ते वाढवणाऱ्यांनी तिथे एकमेकांना विचारायचं आणि सांगायचं. फोरम दिसायला गबाळा होता, हे मला मान्य आहे. रंग उतरलेल्या पडद्यासारखा. पण ज्याला जे हवं ते तिथे सापडायचं.

जावयांना ते बघवेना. त्यांचं कामच वेबसाइट सजवण्याचं. मुलीचा फोन आला, "आई, तो सुट्टीच्या दिवशी बसून तुला फुकटात नवीन करून देतोय. तू नाक मुरडलंस ना, तर त्याचं तोंड मला बघावं लागेल." मुलीच्या संसारात आपल्या फोरमपायी खडा पडायला नको म्हणून मी हो म्हटलं. आपल्या हाताने पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात ते हेच.

नवीन फोरम सुरू झाला आणि सकाळच्या चहाच्या आत माझ्या फोनवर गोंधळ उडाला. "इतकं पांढरं का केलंय? डोळे दिपले." "उत्तर द्यायचं बटण कुठे लपवलंत?" "बाई, माझा फोटो गोल कापलाय, त्यात माझा एक कान गेला." बसचालक म्हणून एक जण आहेत, त्यांनी लिहिलं, "अक्षरं मुंगीएवढी झालीत. बसची पाटी अशी लिहिली असती तर लोक भलत्याच गावी उतरले असते." निवृत्त हेडमास्तरांनी शुद्धलेखनाच्या सात चुका काढल्या, आणि आठवी त्यांची स्वतःची होती, ती तिसऱ्याने काढली. मग ते दोघं भांडत बसले.

मी सगळ्यांची समजूत घालत होते. घरच्यांची बाजू घ्यायची म्हणजे घशात काटा अडकवून गाणं म्हणायचं. जावयांना हळूच सांगितलं, "लोक जरा कुरकुरतायत हो."

"आई, सुरुवातीला विरोध होतोच," ते हसून म्हणाले. "पंधरा दिवसांत सवय होते. आमचा अनुभव आहे."

आता अनुभवापुढे मी काय बोलणार?

पण खरी मेख वेगळीच होती. पूर्वी प्रत्येक मजकुराखाली बारीक अक्षरात 'इतक्या जणांनी हे पाहिलं' असं यायचं. जावयांना ते लांबलचक वाटलं. त्यांनी तिथे एकच शब्द ठेवला, ठळक, आणि पुढे आकडा : 'वाचलं २', 'वाचलं ३०'. म्हणजे किती जणांनी वाचलं. दुसऱ्या कुठल्या फोरमवर हे खपूनही गेलं असतं. पण आमच्याकडे दिवसभर माणसं एकच गोष्ट विचारतात, की वाचलं का हो? आणि ती पुस्तकाबद्दल विचारत नाहीत.

एका बाईंनी सशाच्या पाच पिल्लांचा फोटो टाकला. खाली आलं, 'वाचलं २'. तासाभरात त्यांच्यावर सांत्वनाचा पूर. "तिघं गेली का? फार वाईट वाटलं." हेडमास्तरांनी लिहिलं, "पिल्लं अनेकवचनी असल्याने 'वाचली २' असं हवं. दुःखात सहभागी आहे." त्या बाई घाबरून खोक्याकडे धावल्या, तर पाचही पिल्लं पाला खात बसलेली.

मी पुन्हा जावयांकडे. "तो शब्द बदलता येईल का? लोकांचा घोळ होतोय."

"संदर्भावरून कळतं ना, आई," ते म्हणाले. "शिवाय तीनच अक्षरांत बसणारा दुसरा शब्द नाही."

मुलीने माझ्याकडे डोळे वटारले. मी गप्प बसले. त्या गप्प बसण्याचा मला अजूनही संताप येतो.

या सगळ्यात माझा जीव अडकला होता खलाशाच्या पिल्लात. हा माणूस मालवाहू जहाजावर काम करतो. घरी माणूस कुणी नाही, फक्त एक कुत्री होती. तिला शेजाऱ्यांकडे ठेवून तो गेला आणि मागे ती एका पिल्लाला जन्म देऊन मेली. आमच्या फोरमवरच्या शिंपीणबाईंनी ते पिल्लू आपल्या घरी नेलं. कापडाच्या चिंध्यांची टोपली केली, शिवता शिवता मशीन थांबवून त्याला बाटलीने दूध पाजायच्या, आणि रोज 'खलाशाचं पिल्लू' या नावाखाली खबर लिहायच्या. समुद्रावर त्याला फोन लागत नसे. जहाजाला नेट मिळालं की तो आमचा फोरम उघडायचा, तेवढाच धागा. आता महिन्याभरात तो परतणार होता. पिल्लासाठी पट्टा घेतलाय, असंही त्याने कळवलं होतं.

रविवारी मुलगी आणि जावई जेवायला आले होते. पानं वाढली आणि माझा फोन वाजला. खलाशाचा निरोप होता.

"कळलं. शिंपीणबाई, तुम्ही खूप केलंत, तुमचे उपकार विसरणार नाही. आता घरी येऊन करायचं काय? कप्तान पुढच्या फेरीसाठी सही मागतोय, आज देऊन टाकतो. टोपली कुणाला लागली तर द्या."

मला आधी काही उमजेना. शिंपीणबाईंची आजची खबर उघडली, तर पिल्लाने डोळे उघडून शिवणाच्या मशीनचा पट्टा चावला होता. मग खबर मिटली आणि त्याला काय दिसलं असेल ते माझ्या लक्षात आलं. जहाजावर नेट थेंब थेंब येतं. फोटो आला नसणार, पुढचा मजकूर उघडला नसणार. वर नाव, 'खलाशाचं पिल्लू'. खाली ठळक, 'वाचलं १', आणि तो एक म्हणजे आत्ता मीच; त्याला दिसलं असणार 'वाचलं ०'. नव्या मांडणीत गाजलेले मजकूर वर येतात आणि बाकीचे तळाला जातात, त्यामुळे ती खबर तोवर कुणी उघडलीच नव्हती.

मी फोन जावयांच्या ताटाशेजारी आपटला.

"हे वाचा," म्हटलं. ते वाचत होते आणि मला त्यांच्या कपाळावरची आठी दिसत होती, तीच ती संदर्भवाली. ते म्हणाले, "पण आई, आत पूर्ण मजकूर—"

"अरे गाढवा!" मी ओरडले. "तिकडे माणूस सही करतोय! तुझा शब्द वाचून! पिल्लू मेलं समजून! बदल तो शब्द आधी, जेवण गेलं खड्ड्यात!"

मुलीच्या हातातला चमचा खाली पडला. मला वाटलं, संपलं, मुलीचं माहेर आज तुटलं. जावयाने ताट बाजूला सारलं, पिशवीतून लॅपटॉप काढला आणि खरकट्या हाताने टाइप करायला लागला. तो शब्द गेला. जुनं लांबलचक वाक्य परत आलं. तेव्हापासून माझ्या तोंडात 'तू' बसलंय ते बसलंच.

मी खलाशाला लिहिलं, "पिल्लू जिवंत आहे. धडधाकट आहे. सही करू नकोस." शिंपीणबाईंनी लिहिलं. मग न सांगता सगळ्यांनीच लिहायला घेतलं. बसचालकांनी लिहिलं, सशावाल्या बाईंनी लिहिलं. हेडमास्तरांनी घाईघाईत 'जीवंत' असं लिहिलं आणि ते कुणी दुरुस्त केलं नाही. त्या दिवशी पांढऱ्या रंगाबद्दल एक अक्षर कुणी काढलं नाही.

उत्तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आलं. जावई ऑफिसातून थेट आमच्याकडेच आला होता. दिवसभर काम सोडून फोनच बघत होतो, म्हणाला. त्यानेच मोठ्याने वाचून दाखवलं.

"पिल्लू आहे हे कळलं. सगळ्या जहाजाला सांगितलं. पण तुमचे निरोप पोचले तोवर सही होऊन गेली होती. कप्तानाला विचारलं, बदली माणूस नाही म्हणाला. म्हणजे मी येईपर्यंत पुढचं वर्ष उजाडेल. तोवर ते मोठं होईल, मी कोण ते त्याला कसं कळणार? म्हणून एक काम करा. माझ्या घराची किल्ली शेजाऱ्यांकडे आहे. दारामागे खुंटीवर माझा शर्ट आहे, निघायच्या दिवशी काढलेला. तो त्याच्या टोपलीत घाला. धुऊ नका."

शेवटचे दोन शब्द जावयाने दोनदा वाचले. मला त्याला खूप बोलायचं होतं, रात्रभर मनात जुळवून ठेवलं होतं. पण तोच आधी बोलला.

"पत्ता द्या, आई. मी आणतो," तो म्हणाला आणि बूट चढवायला लागला.

शिंपीणबाईंना विचारून मी पत्ता दिला. फडताळातून घट्ट झाकणाचा मोठा डबा काढून त्याच्या हातात ठेवला.

"यात घालून आण," म्हटलं. "आणि वाटेत उघडू नकोस. वास जाईल."