बाद नगांचं खोकं

शेजारचे चष्मेवाले काका घासायची कानस मागायला आले, तेव्हा तिने कारखान्यातल्या बाकावर पसरलेल्या बकलांवर झटकन लेकीचं दुपटं टाकलं. काकांनी पाहून न पाहिल्यासारखं केलं, आणि तिला नेमकं तेच खटकलं. एवढ्या जुन्या कारखानदाराकडे कानस नसावी?

गल्लीत सगळेच प्लास्टिकची बकलं ओतणारे. नवा साचा चालवला की पहिले बाद नग खोक्यात घालून दाराबाहेर ठेवायचे, ही तिथली रीत. ज्याला हवा त्याने उचलावा, मोडून पाहावा. नवरा म्हणे, यातूनच गल्लीला नवं सुचतं. एकाने काढलेलं दुसरा सुधारतो. ती म्हणे, ही चोरीच, फक्त दिवसाढवळ्या केलेली.

हे बकल तर तिच्या डोक्यातून निघालेलं. बाळाला पोटाशी बांधायच्या झोळीचं बकल लेकीने खेळता खेळता उघडलं होतं आणि ती पडता पडता वाचली होती. वरची कळ दाबल्याशिवाय बाजू दबणारच नाहीत, असं बकल तिने कागदावर काढलं. नवऱ्याने साचा कोरला. उद्या दुपारी झोळ्यांच्या कंपनीचा माणूस येऊन गल्लीतलं एकच बकल निवडणार होता. म्हणून यंदा तिने खोकं बाहेर ठेवूच दिलं नाही. बाद नग पिशवीत भरून घरी नेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेकीला कडेवर घेऊन ती आली, तर नवरा काकांच्या दारात उभा आणि काकांच्या तळहातावर तिचंच बकल, दोन तुकडे झालेलं.

"काल पिशवीतलं मी दिलं," तिने विचारायच्या आत नवरा म्हणाला.

"मला न सांगता?"

"सांगितलं असतं तर देऊ दिलं असतंस?"

काकांनी तुकडे पुढे केले. दगड टांगून हिसका दिला होता म्हणे. "कोपऱ्यात तडकलं बघा, सूनबाई. तो कोपरा जरा गोल करून घ्या."

दगडाच्या जागी कोण असतं, हे तिच्या डोळ्यांपुढे आलं आणि कडेवरचा हात आपोआप घट्ट झाला. मग तिला काकांच्या बाकावरचं, रातोरात कानशीने घासून केलेलं काळं बकल दिसलं. तीच कळ, कोपरे गोल.

"मोडलं म्हणून सांगताय, की तुमचं बनवून झालं म्हणून?"

"दोन्ही," काका शांतपणे म्हणाले. "आता तुम्ही आमचं मोडा."

तिने दात-ओठ खाऊन एका हाताने ते बाकाच्या काठावर वाकवलं, आपटलं, हिसके दिले. मोडेना. नवरा आणि काका एव्हाना तिचा कोपरा दुपारच्या आत कसा घासून घ्यायचा, या बोलण्यात रमले होते. तिने कळीखालच्या फटीत करंगळी सरकवली आणि दाबलं. कचकन चिमटा बसला. त्या दोघांची राठ बोटं तिथे शिरलीच नसती. तान्ह्याचं बोट मात्र नक्की शिरलं असतं.

नुसतं गप्प राहिलं तरी पुरे होतं. कंपनीच्या माणसाला फट दिसली असती, तिचा कोपरा तोवर गोल झाला असता. काकांवर तिचा अजूनही तिळभर विश्वास नव्हता. तिने बकल बाकावर ठेवलं, लेकीला दुसऱ्या कडेवर घेतलं.

मग चिमट्याने पांढरी पडलेली करंगळी तिने काकांच्या चष्म्यासमोर धरली.