आतल्या बाजूचा पॅड

ग्लेनिस दुकानातून बाहेर आली, सामानाची पिशवी मागच्या सीटवर ठेवली आणि स्वतः मात्र गाडीत बसलीच नाही.

"मी लिआनबरोबर येते," एवढं रॉसला सांगून ती पोस्टाच्या व्हॅनमध्ये चढलीसुद्धा. लिआन म्हणजे टपालवाली. तिला कळलं म्हणजे ह्यूऑनच्या सगळ्या खोऱ्याला कळलं.

रॉस घरी पोचला तो धुमसतच. "हे काय नाटक, ग्लेन? भर दुकानासमोर?"

"नाटक नाही. तुझ्या गाडीचा ब्रेक खरखरतोय. तो नीट होईपर्यंत मी त्या गाडीत पाय ठेवणार नाही. आपल्या उतारावर जीव मुठीत धरून बसायची हौस फिटली माझी."

रॉसला हे फार झोंबलं. उभा जन्म त्याने ओंडक्यांचे ट्रक डोंगरावरून खाली आणण्यात घालवला होता. नुसता आवाज ऐकून गाडीचं दुखणं सांगणारा माणूस म्हणून त्याचं नाव होतं. अजूनही शेजारपाजारचे लोक गाडी दारात आणून म्हणायचे, "रॉस, जरा ऐक रे." आणि त्याच्याच बायकोने टपालाच्या पोत्यांशेजारी बसून घर गाठावं?

"खडा असेल," तो म्हणाला. "डिस्कमागच्या पत्र्यात अडकला असेल. आपला रस्ताच खडीचा, दुसरं काय होणार?"

"असेल तर काढ," ग्लेनिस म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने गाडी शेडमधल्या सपाट फरशीवर घेतली. मागच्या चाकांना लाकडाचे ठोकळे लावले, पुढच्या डाव्या चाकाचे नट आधी सैल केले, मग जॅक लावला. जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालणारे दोघे त्याने पाहिले होते, म्हणून गाडी पेलायला खाली लोखंडी घोडीही ठेवली. चाक काढलं, पत्रा स्क्रूड्रायव्हरने जरासा वाकवला आणि खरोखरच वाटाण्याएवढा खडा टपकन खाली पडला.

"हा बघ! काय म्हणत होतो मी?"

चहाचा कप घेऊन ग्लेनिस दारात उभी होती. "आता फिरव."

रॉसने डिस्क हाताने फिरवली. खर्रर्र. त्यालाही ऐकू आलं.

"ब्रेकचा पॅड तर चांगला जाड आहे," तो पुटपुटला. चाकाच्या फटीतून दिसणारा बाहेरचा पॅड तो नेहमी बघायचा आणि समाधानाने मान हलवायचा. आता मात्र त्याने दोन्ही पॅड डिस्कवर दाबणाऱ्या कॅलिपरचे बोल्ट काढले. ब्रेकच्या नळीवर ताण नको म्हणून कॅलिपर तारेने वर टांगला आणि आतला पॅड बाहेर ओढला. त्याच्यावर पॅड असा उरलाच नव्हता. नुसती लोखंडी पट्टी होती, आणि तिने डिस्कची आतली बाजू नांगरून काढली होती. कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या गंजून जाम झाल्या होत्या. सगळा भार एकट्या आतल्या पॅडवर पडत होता, आणि तो बाहेरून कोणाला दिसत नाही.

इथवर ठीक होतं. असं कोणाचंही होतं. पण पट्टीच्या कडेला पत्र्याची एक छोटी जीभ होती, ती घासून चकचकीत झाली होती. पॅड संपत आला की ही जीभ डिस्कला टेकते आणि चिरकते, मालकाला जाग यावी म्हणून. एवढी झिजायची म्हणजे ती कित्येक दिवस चिरकत असणार.

रॉस उलट्या बादलीवर बसला. "ग्लेन, ही ओरडत होती?"

"होती की. बारीक आवाजात, शिट्टीच्या किटलीसारखी. ईस्टरपासून."

"मग सांगायचं नाही?"

"सांगितलं. पहिल्यांदा म्हणालास, पक्षी असेल. नंतर म्हणालास, आवाज असता तर तुझ्याआधी मला आला असता. त्यानंतर तू रेडिओ मोठा केलास. मग मी बोलायचं सोडलं."

रॉसला लाज वाटली. बारीक आवाज टिपणारे कान गेल्याचं दुःख होतंच, पण त्याहून एक गोष्ट जास्त लागली. इतके दिवस ही बाई त्या उतारावर त्याच्या शेजारी बसत होती, आवाज ऐकत होती आणि गप्प राहत होती.

नवे पॅड आणि डिस्क आणायला शेवटी लिआनलाच फोन करावा लागला. तिने दुपारी खोकी आणून दिली आणि टोमणाही सोबत दिला: "काय रॉस, ऐकू येतोय ना माझा हॉर्न?" त्याने निमूटपणे खोकी घेतली. पिना घासून त्यांना ग्रीस लावलं, पिस्टन दाबून आत बसवला, नव्या डिस्कवरचं तेल पुसलं. उजवीकडेही तेच केलं. ब्रेक एकाच बाजूचा बदलून चालत नाही. शेवटी पायाला घट्ट लागेपर्यंत पेडल मारलं आणि एकटाच फाटकापर्यंत जाऊन, दोन-चारदा ब्रेक लावून परत आला.

"बसतेस?" त्याने विचारलं.

ग्लेनिस बसली. उतारावर त्याने सावकाश ब्रेक लावला, सोडला, पुन्हा लावला. त्याला काहीच ऐकू आलं नाही, पण त्याच्या न ऐकण्याला आता काय अर्थ होता!

"येतोय आवाज?"

"ब्रेकचा नाही," ती म्हणाली. "पण मागे, उजवीकडे काहीतरी टिकटिकतंय."

काही टिकटिकत नाही, हे शब्द त्याच्या ओठांवर आले होते. त्याने ते गिळले, गाडी कडेला घेतली आणि खाली उतरला. चिखलात गुडघे टेकून त्याने टायर चाचपला, चाक हलवून पाहिलं. कुठे काही नव्हतं. तो तिच्या खिडकीशी आला.

"नक्की उजवीकडेच ना?"

"काही टिकटिकत नाही," ग्लेनिस म्हणाली. "थांबतोस का, ते बघत होते."

रॉसच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण ग्लेनिस हसत नव्हती. तिचे डोळे भरले होते. त्याने गुडघ्यांवरचा चिखल पुसला.

"सोमवारी कान दाखवून येऊ," तो म्हणाला.

"येऊ," ती म्हणाली. "गाडी तूच चालव."