रक्त गोठण्याची वाट

भातकापणीचे दिवस असल्यामुळे आरोग्य केंद्रात सकाळपासून फारसं कुणी फिरकलं नव्हतं. डॉक्टर शुभंकर बैठकीसाठी रत्नागिरीला गेले होते आणि दुसऱ्या डॉक्टरची जागा दीड वर्ष रिकामीच होती. राहता राहिली दीपाली, कंत्राटी परिचारिका, आणि जुना शिपाई विठू. संगमेश्वर तालुक्यातल्या या आडगावात येऊन दीपालीला सात महिने झाले होते. काही गंभीर आलं तर सरळ पुढे पाठवून दे, एवढं तिला सगळ्यांनी बजावलं होतं. पाठवलेल्या पेशंटचं वाटेत काही झालं, तर त्याचा जाब कुणी विचारत नसे.

साडेअकराला एक रिक्षा थेट पायरीपाशी येऊन थांबली. सानिका नावाची तरुण सून सासूला काखेत धरून उतरवत होती. सासू गोदूबाई पंचावन्नच्या पुढच्या. काजूच्या बागेत गवत कापताना त्यांच्या उजव्या पायाला काहीतरी चावलं होतं.

"फुरसाच होता बाय," गोदूबाई म्हणाल्या. "माझ्या डोल्यानी बघितलाय."

फुरसं हा विषारी साप चावून पाऊण तास झाला होता. पाऊल घोट्यापर्यंत सुजलं होतं आणि दाताच्या दोन खुणांतून रक्त झिरपत होतं, थांबत नव्हतं. दीपालीनं त्यांना कॉटवर निजवलं, पाय हलवू नका म्हणून सांगितलं आणि हाताची शीर शोधून थोडं रक्त काढलं. ते कोरड्या काचेच्या नळीत घालून नळी टेबलावर उभी ठेवली. वीस मिनिटं तिला हात लावायचा नाही. रक्त गोठलं तर विष अजून भिनलेलं नाही, आणि पातळच राहिलं तर भिनलंय.

मधल्या वेळात विठूनं अ‍ॅम्ब्युलन्सला फोन लावला. गाडी दुसऱ्या पेशंटला घेऊन गेली होती, यायला दीड तास लागेल म्हणाले. डॉक्टरांचा फोन नुसता वाजत राहिला. सानिकाचा नवरा नितेश मुंबईहून फोनवर ओरडत होता, की तिथे वेळ घालवू नका, त्याच रिक्षात घालून रत्नागिरीच्या मोठ्या दवाखान्यात न्या. सानिकानं फोन दीपालीच्या कानाला लावला. दीपालीनं त्याच्याकडून वीस मिनिटं मागून घेतली. पण तिच्याही मनात तेच येत होतं. चिठ्ठी लिहावी, रिक्षात बसवावं, आपण मोकळं व्हावं. रस्ता मात्र दीड तासाचा, हायवे जागोजाग खणलेला, आणि रिक्षात औषध देणारं कोण?

चौदाव्या मिनिटाला गोदूबाई थुंकल्या. थुंकी लाल होती.

वीस मिनिटं झाली तशी दीपालीनं नळी अलगद तिरकी केली. रक्त पाण्यासारखं एका कडेला वाहत गेलं.

तिनं डॉक्टरांना दोनच वाक्यं लिहून पाठवली. मिनिटाभरात फोन आला.

"सर, मी इथेच प्रतिविष सुरू करू का?"

 डॉक्टरांनी विचारलं, "आधी दिलंयस कधी?"

"नाही. देताना बघितलंय, दोनदा."

"अ‍ॅड्रेनालिन भरून हाताशी ठेव, औषध सोसलं नाही तर लगेच टोच. दहा कुप्या सलाईनमध्ये, सुरुवात अगदी हळू. मी सांगितलं असं केसपेपरवर लिही. आणि तिच्याजवळून उठू नकोस."

कपाटात बारा कुप्या होत्या. पावडर विरघळायला वेळ लागतो, जोरात हलवून चालत नाही. दीपाली एकेक कुपी तळहातांत फिरवत होती आणि विठू पुढची उघडून देत होता. थेंब सुरू झाले तेव्हा सानिका भिंतीला टेकून उभी होती.

दहा मिनिटं बरी गेली. मग गोदूबाई मान खाजवू लागल्या. बघता बघता छातीवर गांधी उठल्या, ओठ सुजले, श्वासाला शीळ लागली. रक्तदाब ऐंशीवर आला. विठूनं डॉक्टरांना फोन लावला, तर रेंजच गेलेली.

"काय दिलंत तुम्ही आईंना?" सानिका पुढे आली.

 दीपालीनं सलाईन बंद केलं, भरलेली सुई उचलली आणि गोदूबाईंच्या मांडीत टोचली. मग मनगट धरून बसली. नाडी धाग्यासारखी लागत होती. हिला इथे काही झालं तर? आपण पुढे का नाही पाठवलं? पाच मिनिटांनी शीळ कमी झाली. आणखी थोड्या वेळानं गोदूबाईंनी पाणी मागितलं.

आता त्याहून अवघड काम होतं. थेंब परत सुरू करायचे होते. दीपालीनं सानिकाला जवळ बोलावून समजावलं, की औषध थोडंच गेलंय, बंद ठेवलं तर रक्त वाहतच राहील.

"आणि परत तसंच झालं तर?"

"तर परत थांबवीन. मी इथून हलणार नाही."

सानिका कॉटच्या दुसऱ्या बाजूला बसली आणि तिनं सासूचा हात धरला. दीपालीनं थेंब सोडले, आधीपेक्षाही हळू. या वेळी काही झालं नाही. पाऊणच्या सुमाराला रेंज आली, तेव्हा डॉक्टर बैठक सोडून निघालेले होते. दीडला अ‍ॅम्ब्युलन्स आली. सलाईन संपत आलं होतं. दीपालीनं दिलेल्या प्रत्येक औषधाची वेळ कागदावर लिहून बरोबर दिली.

गाडी गेल्यावर तिनं हात धुतले आणि रिकाम्या कुप्या मोजून ठेवल्या.

अडीचला डॉक्टर आले. त्यांनी केसपेपर वाचून खाली सही केली. शाबासकी दिली नाही. आपल्यालाही बैठकीत घाम फुटला होता, एवढं म्हणाले. दीपालीनं दोनच कुप्या उरल्याचं सांगितलं. पुढचा साठा सोमवारी यायचा होता आणि आज गुरुवार होता. त्यांनी शेजारच्या केंद्राला गळ घातली, आणि विठू मोटारसायकलवरून आठ कुप्या आणायला गेला. तो येईपर्यंत दीपाली खोलीवर गेली नाही.

रत्नागिरीला गोदूबाईंना आणखी दहा कुप्या लागल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी नळीतलं रक्त गोठलं. नवव्या दिवशी त्या काठी टेकत केंद्रात ड्रेसिंगला आल्या. पायाची सूज अजून होती. बागेतलं अर्धं गवत तसंच उभं आहे, कधी जाऊ, असं विचारू लागल्या. दीपालीनं महिनाभर थांबायला सांगितलं आणि पुढे गमबूट घातल्याशिवाय जायचं नाही म्हणाली.

"बूट घालून कोन गवत कापतंय गो?" गोदूबाई हसल्या.

सानिका हसली नाही, दीपालीही नाही.