वजा एकशे सत्तावीस

डब्याचं झाकण उघडता उघडता त्याने मोबाइल कंट्रोल पॅनलला टेकवून उभा केला, आणि पहिला घास तोंडात जायच्या आत त्याचं डोकं फिरलं.

‘अर्जंट!!! तापमान −१२७ दाखवतंय. काय करू?’

या आठवड्यातला हा पाचवा.

तो लिफ्ट दुरुस्त करायचा. दुपारचं जेवण बहुतेक कुठल्या ना कुठल्या इमारतीच्या गच्चीवरच्या मशीनरूममध्ये व्हायचं, आणि जेवता जेवता ‘सर्किट कट्टा’ या फोरमची राखण. छोटे इलेक्ट्रॉनिक बोर्ड आणून घरच्या घरी काहीबाही बनवणारे अकरा हजार लोक तिथे होते. प्रश्नांना कुलूप लावणं, नियम मोडणाऱ्याला बाहेर बसवणं, हे काम दोघांकडे होतं. एक तो, आणि दुसऱ्या एक बाई, ज्यांना सगळे मावशी म्हणत. त्याला खिळा म्हणत. का, ते त्याने कधी विचारलं नव्हतं.

वजा एकशे सत्तावीस हे मुळात तापमानच नव्हतं. सेन्सरचं म्हणणं बोर्डापर्यंत पोचत नसलं की बोर्ड हा आकडा दाखवतो. वायर सुटलेली असते, नाहीतर तांदळाच्या दाण्याएवढा एक रेझिस्टर लावायचा राहिलेला असतो. बस, एवढंच. फोरमवर हे दोनशेहून जास्त वेळा लिहून झालं होतं. शोधाच्या चौकटीत नुसता आकडा टाकला तरी उत्तरं बदाबदा पडायची. पण टाकणार कोण? लोकांना आयतं ताटात वाढून हवं, वर घास भरवायलाही कोणीतरी हवं.

त्याच्याकडे यासाठी एक ठेवणीतलं उत्तर होतं. ‘हा प्रश्न याआधी विचारला गेला आहे. आधी शोधा, मग विचारा.’ त्याने ते चिकटवलं, तिन्ही उद्गारचिन्हं खोडली आणि प्रश्नाला कुलूप लावलं. विचारणाऱ्याने नाव घेतलं होतं ‘कोरी पाटी’. निदान नाव तरी खरं सांगितलं, असं मनात म्हणत तो जेवायला लागला.

अर्ध्या तासात कोरी पाटी पुन्हा हजर. तोच प्रश्न, या वेळी सोबत एक फोटो. हात हललेला, बोर्डाच्या जागी हिरवट डाग आणि वायरींचा गुंता.

‘नियम चार. फोटो स्पष्ट हवा,’ त्याने लिहिलं. कुलूप.

तेवढ्यात दुसऱ्या एका सोसायटीच्या सेक्रेटरींचा फोन आला.

“अहो, लिफ्ट चालत नाहीये.”

“कितव्या मजल्यावर थांबलीय?”

“ते काय माहीत! चालत नाहीये, एवढं खरं.”

“बरं. दार पूर्ण लागतंय का? आतला दिवा चालू आहे? मघाशी काही आवाज वगैरे आला होता?”

पाच मिनिटं असं एकेक विचारत त्याने तिसऱ्या मजल्याच्या दारात अडकलेला खडा फोनवरच शोधून दिला. जिना उतरताना खिशातला मोबाइल थरथरला.

‘मी शोधलं. सगळीकडे “पुल-अप लावा” लिहिलंय. पुल-अप म्हणजे काय ते कळलं नाही. कृपया कोणीतरी सांगा, घाई आहे.’

पुल-अप म्हणजे तोच तो तांदळाएवढा रेझिस्टर. एका ओळीचं काम होतं. पण कुलूप लावलेला प्रश्न तिसऱ्यांदा टाकला होता, आणि घाई काय या पाटीलाच होती? तो जिन्यातच टेकला आणि टाइप केलं, ‘तेही शोधा.’ मग यादीतून ‘एक दिवस प्रवेश बंद’ निवडलं. खाजवल्यावर वाटतं तसं बरं वाटलं.

रविवारी सकाळी मावशींचा फोन आला. दोघं कधी भेटले नव्हते. त्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झाल्या होत्या आणि फोनवर नेहमी मागे कुठेतरी नळ चालू असायचा, एवढीच त्याला त्यांची माहिती.

“अरे खिळ्या, मंगळवारी माझ्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. तीन आठवडे स्क्रीन बघायची नाही म्हणतात.”

“काळजी घ्या मावशी. इकडचं मी बघतो.”

“त्याचीच तर काळजी आहे.”

“म्हणजे?”

“वजा एकशे सत्तावीसवाले येतील. त्यांना हाकलू नकोस.”

त्याचा पारा चढला. “मावशी, राग मानू नका, पण लाडावून ठेवलंय तुम्ही सगळ्यांना. दोनशे वेळा तेच उत्तर? एकदा काय ते नीट लिहायचं, वर टांगायचं, विषय संपला.”

“मग टांग की. माझी सगळी उत्तरं तिथेच आहेत. त्यांचं मिळून एक बनव.”

“तुम्हीच का नाही बनवलंत?”

“बनवायला बसले होते एकदा. नाही जमलं बाबा. तू बघ करून.”

फोन ठेवून तो स्वयंपाकघरातल्या टेबलाशी लॅपटॉप घेऊन बसला. समोर बायको वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवत होती. मावशींची दोनशे बारा उत्तरं निघाली. तासाभराचं काम, त्याने हिशेब केला.

पहिली दहा वाचतानाच तो वैतागला. मुद्द्याला हात घालायचा सोडून मावशींच्या गप्पाच चाललेल्या. ‘तुम्ही हे कशाला लावलंय?’ हा त्यांचा पहिला प्रश्न. प्रत्येकाला. मग तो माणूस आपली कथा सांगणार, मग मावशी वायरचा रंग विचारणार, मग तो चुकीचा रंग सांगणार. त्याने सगळा पाल्हाळ खोडून कामाची वाक्यं तेवढी एका पानावर घ्यायला सुरुवात केली.

पण वाक्यं जुळेनात. माशांची टाकी असलेल्याला मावशींनी पहिल्या ओळीत लिहिलं होतं, ‘आधी हीटरचा प्लग काढा, वायर मग बघू.’ औषधांच्या फ्रिजवाल्याला लिहिलं होतं, ‘औषधं आत्ताच्या आत्ता दुसऱ्या फ्रिजमध्ये हलवा, मग लिहा.’ नुसतं खोलीचं तापमान बघणाऱ्याला, ‘घाई नाही, चहा घेऊन या.’ एका आजोबांना रेझिस्टर हा शब्दच माहीत नव्हता. त्यांना त्यांनी तो पिशवीतला पट्टे असलेला तुकडा म्हणून ओळखायला शिकवला होता. यातलं कुठलं वाक्य वर ठेवायचं आणि कुठलं खोडायचं?

माशांच्या टाकीपाशी तो परत आला. बोर्डाला वाटतं, बाहेर वजा एकशे सत्तावीस आहे, भयंकर थंडी आहे. म्हणून तो हीटर बंदच करत नाही. हे त्याला माहीत होतंच. कोणी विचारलं असतं तर झोपेतही सांगितलं असतं.

त्याने कोरी पाटीचा कुलूपबंद प्रश्न उघडला. तो हललेला फोटो मोठा केला, अजून मोठा केला. वायरींच्या मागे, लाकडी खोक्यात, एका दिव्याखाली पांढुरक्या गोल वस्तू ओळीने मांडलेल्या होत्या.

त्याने तीनदा लिहून तीनदा खोडलं. शेवटी एवढंच पाठवलं, ‘नमस्कार. फोटोत मागे अंडी आहेत का?’

दहा मिनिटांनी उत्तर आलं.

‘हो. अठ्ठावीस होती, उबवायला ठेवलेली. कोल्ह्याने आमच्या सगळ्या कोंबड्या नेल्या, त्यांचीच ही शेवटची. मी दुसऱ्या गावी कामाला गेले आणि दिवा बंद झालाच नाही. दुसऱ्या दिवशी तुमच्या फोरमवर मावशींचं एक जुनं उत्तर सापडलं, त्यात पुल-अप समजावून सांगितलंय. ते लावल्यावर आकडा बरोबर आला. पण अंडी गेली होती. तुमचा नियम बरोबरच आहे, मी आधीच नीट शोधायला हवं होतं. त्रास दिल्याबद्दल माफ करा.’

“अंडी आहेत हे सांगायचं ना!” तो मोठ्याने म्हणाला.

बायकोने पेन्सिल थांबवली. “कोणावर ओरडतोयस?”

“एक बाई आहे. अंडी उबवत होती. सगळं लिहिलं आणि नेमकं तेवढं नाही लिहिलं. आम्हाला काय स्वप्न पडतं?”

“तू विचारलंस का तिला?”

तो उठला, माठातलं पाणी प्यायला, भांडं धुऊन पालथं घातलं. मग धुतलेलंच पुन्हा धुतलं. बायकोने कोड्यात एक शब्द भरला.

सगळ्यात जास्त चीड त्या शेवटच्या वाक्याची येत होती. माफ करा म्हणे! चार शिव्या घातल्या असत्या तर उलट उत्तर तरी देता आलं असतं. परत येऊन त्याने लिहिलं, ‘चूक तुमची नाही. तुमचा प्रश्न मी वाचलाच नव्हता, फक्त आकडा वाचला होता.’ ते पाठवलं. मग विचारलं, ‘आता पुढे काय करणार आहात?’

‘बहिणीकडे आमच्याच कोंबड्यांची पिल्लं दिली होती गेल्या वर्षी. तिच्याकडून नऊ अंडी आणली आहेत. पण ठेवायची हिंमत होत नाही. पुन्हा वायर निसटली तर?’

हे मात्र त्याच्या हातातलं होतं. वेडावाकडा आकडा आला की दिवा बंद करून भोंगा वाजवायचा, दहा-बारा ओळींचा प्रोग्रॅम. ‘मी लिहून देतो,’ त्याने कळवलं. ‘आज संध्याकाळच्या आत. तोवर ठेवू नका.’

त्याने कोरं पान उघडलं, दोन ओळी लिहिल्या आणि तिसरीवर अडला. दिवा कुठल्या तापमानाला बंद करायचा? वरची मर्यादा किती, खालची किती? आयुष्यात त्याने अंडी खाण्यापलीकडे कोंबडीशी कधी संबंध ठेवला नव्हता.

शोधाची चौकट समोरच होती. दहा सेकंदांत मिळालं असतं. त्याने चौकटीत ‘अंडी’ लिहिलं, मग ते पुसून तिलाच लिहिलं, ‘अंड्यांना किती तापमान लागतं?’

या वेळी उत्तराला बराच वेळ लागला. आलं तेव्हा ते स्क्रीनवर मावेना. साडेसदतीस अंश. एकोणचाळीसच्या वर अजिबात नको. एकवीस दिवस. दिवसातून तीनदा अंडी फिरवायची, अठराव्या दिवसानंतर हातही लावायचा नाही. खोक्यात वाटीभर पाणी ठेवायचं, हवा कोरडी पडता कामा नये. सातव्या दिवशी अंडं उजेडावर धरून बघायचं आणि रिकामी निघतील ती बाजूला काढायची. एवढी मोठी जंत्री तिने दिली होती, आणि त्यात कुठेही शोधा असं लिहिलं नव्हतं.

त्याने ते सावकाश दोनदा वाचलं. सातव्या दिवसाशी पुन्हा अडखळला.

बायकोने वर्तमानपत्राची घडी घातली. “झालं का रे तुझं एकच उत्तर बनवून?”

“थांब जरा,” तो म्हणाला, आणि टाइप करायला लागला, ‘उजेडावर धरून बघायचं म्हणजे काय, ते कळलं नाही. सांगाल का?’