भुलाबाईनंतरचं मैदान

कोजागिरी झाली आणि भुलाबाई उठल्या. महिनाभर आमच्या गल्लीतल्या मुली संध्याकाळी भुलाबाईची गाणी म्हणायला घराबाहेर पडत, आणि गाण्यांच्या आधी आखाड्याशेजारच्या मोकळ्या जागेत आट्यापाट्या खेळून घेत. सणाचे दिवस म्हणून कुणी बोलत नसे. आता सण सरला.

"चारू, आता घरात बस," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी म्हटलं की आमच्या घरात ते झालंच.

चारू माझी थोरली. ती जवळ येऊन हळूच म्हणाली, "आई, मग मी पळू कुठे?"

धाकटा मांडीवर पीत होता. अंगणात पळ, असं तोंडावर आलं होतं. पण अंगणात तुळस, बंब, वाळवणाची बाज. पोरीनं नुसतं वळायचं म्हटलं तरी कोपर लागतं.

त्यातच कळलं, आखाड्याचे रुपराव वस्ताद उद्या सकाळी मुलींच्या खेळाच्या जागेत मल्लखांबासाठी खड्डा खणणार. मुलांना आखाडा आहेच, आता तीही जागा त्यांचीच. ह्यांना विचारलं, तर कचेरीची टोपी शोधत म्हणाले, "वस्तादांना कशाला दुखवायचं?"

 दुसऱ्या दिवशी पहाटे गिरणीचा पहिला भोंगा झाला, धाकटा गाढ होता. शेजारच्या शोभाताईंना उठवलं. दोघींनी जागा झाडली, सडा घातला आणि आट्यापाट्यांचं अख्खं मैदान रांगोळीनं आखलं. वर हळदकुंकू वाहिलं.

वस्तादांची मुलं फावडी घेऊन आली आणि कडेलाच थांबली.

"काहून थांबले गा?" मागून रुपराव.

"वस्ताद, रांगोळी हाये."

रुपरावांनी उचललेला पाय परत घेतला. मी पदर सावरून उभी होते. परक्या पुरुषानं आमच्याशी थेट बोलायची रीत नाही, म्हणून ते चारूकडे वळले.

"पोरी, तुह्या मायले विचार, हे काय करून राहिली."

"चारू, सांग त्यांना, मुलींचं मैदान आखलं."

"मायले सांग, सण झाला."

"सांग, सण झाला. मुली आहेतच."

दोघांनाही सगळं ऐकू येत होतं, तरी चारू बिचारी इमानानं निरोप पोचवत होती. शोभाताई पदरात हसत होत्या.

"बरं," वस्ताद ओट्यावर टेकले. "खेळा मंग. पाहू दे."

मी मुलींना हाक मारली. त्या धावत आल्या, आणि त्याही कडेलाच थांबल्या. आट्यापाट्यांत अडवणारीला पाटीवर पाय ठेवूनच उभं राहावं लागतं, आणि पाट्या तर मी रांगोळीच्या काढल्या होत्या.

"आई, पाय लागेल," चारू म्हणाली.

हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. फावड्यावर रेलून एक मुलगा म्हणाला, "घ्या. आता आमीबी भायेर, तुमीबी भायेर."

रांगोळी मोडली की फावडी आत येणार. नाही मोडली तर खेळ नाही. सासूबाई दारात येऊन उभ्या होत्या. मी चपला काढल्या, रांगोळीला हात लावून नमस्कार केला आणि पहिल्या पाटीवर पाय ठेवला. रेघ टाचेखाली फिसकटली.

"रुपरावजी," मीच म्हणाले, चारूला मध्ये न घालता, "आता रांगोळी अडवणार नाही. आम्ही अडवू. आज, उद्या, रोज."

शोभाताई गुडघे धरत मागच्या पाटीवर येऊन उभ्या राहिल्या.

वस्ताद बराच वेळ आमच्या पायांकडे पाहत राहिले. मग त्यांना राहवेना.

"बाई, टाचेवर असं उभं राह्यलं तं पोट्टी निसटते. चवड्यावर राहा." आणि मुलांकडे वळून, "पाहून काय राहिले? खड्डा तिकडं, भिंतीपाशी खोदा."

दारातून सासूबाईंचा आवाज आला, "चारू, परकर खोच वर. पडशील."

चारूनं परकर खोचला, उजवीकडे झेपावल्यासारखं केलं आणि डावीकडून सुटली. चवड्यावर असूनही मला ती सापडली नाही.